नकाशावरचं कुंपण आणि गल्ल्यातला पैसा

रात्री शटर खाली ओढल्यावर तुम्ही काय करता, असं बरेच जण विचारतात. खरं सांगतो, जपान खेळतो. ‘वॉर इन द पॅसिफिक: अ‍ॅडमिरल्स एडिशन’ नावाचा कॉम्प्युटर गेम आहे. डिसेंबर १९४१ पासून सुरू होतो, पूर्ण मोहिमेत एकेक दिवस पुढे सरकतो. पहिले काही महिने जपान बेटं घेत सुटतो. मग नवा खेळाडू हमखास एक चूक करतो: जिंकलेल्या प्रत्येक बेटावर थोडे थोडे सैनिक ठेवतो. नकाशावर कुंपण मस्त दिसतं. माझ्या मते ते कुंपणच नसतं.

कारण बघा, हल्ला कुठे करायचा हे समोरचा ठरवतो. तुमची फौज वीस ठिकाणी वाटलेली, तो सगळी ताकद एका ठिकाणी आणतो. बरं, बेटावर जास्त माणसं कोंबावीत तर रसद भराभर संपते. ती पोचवायला जहाज, जहाजाला तेल. म्हणून बाहेरच्या बेटाचं काम एवढंच: खबर देणं आणि शत्रूला थोडे दिवस अडवणं. मारायची ताकद मागे, एकत्र आणि मोकळी हवी.

खऱ्या युद्धात हेच निसटलं. नोव्हेंबर १९४३ च्या सुरुवातीला जपानची विमानवाहू जहाजांवरची विमानं रबौलच्या मोठ्या तळावरून लढत होती, त्यातली पुष्कळ तिथेच गेली. त्याच महिन्यात अमेरिकन सैन्य तारावावर उतरलं. बेटावर साडेचार हजारांच्या आसपास माणसं, पक्के बंकर. पण मदतीला आरमार आलंच नाही. चार दिवसांत तारावा पडलं. आणि रबौल? तिथे लाखभर माणसं होती. शत्रूने त्याला सरळ वळसा घातला. ती फौज १९४५ पर्यंत तिथेच अडकून राहिली. मला तारावापेक्षा रबौल जास्त बोचतं.

कारण माझंही एक रबौल होतं. स्टेशनरीचं पहिलं दुकान चाललं म्हणून दोन वर्षांत आणखी दोन शाखा टाकल्या. तिसरीत डिपॉझिट, फर्निचर, माल, सगळ्यात जास्त भांडवल अडकवलं. आणि ऐन जूनमध्ये पहिल्या दुकानासमोर एकाने कमी भावात वह्या विकायला सुरुवात केली. उत्तर द्यायला मला फक्त माल आणि रोख हवी होती. माल तिसऱ्या शाखेत पडून होता. रोख कुठेच नव्हती. होलसेलर जुनी बाकी मागत होता. माझी रोजची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून पलीकडे जाताना मी काउंटरवरून बघत होतो. (बीबीएला वर्किंग कॅपिटलच्या पेपरात चांगले मार्क पडले होते मला, ते वेगळं.)

तिसरी शाखा बंद केली. रॅक निम्म्या किमतीत गेले, डिपॉझिटही पूर्ण परत आलं नाही. पण पुढच्या जूनला हातात पैसा होता आणि वह्यांचा भाव मी ठरवला.

गेममध्येही आता लांबची बेटं मी वेळेत रिकामी करतो, तिथली माणसं मागे मारियाना बेटांवर आणतो. समोर खेळणारा मित्र हसतो, “तू न लढताच सोडतोस रे!” हो, सोडतो.