हात आमचे, दर त्यांचा



मी फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा मारलेल्या माणसाला पुन्हा उभं करायचं, गुडघा बदललेल्या म्हातारीला जिना चढवायचा, हे माझं काम. माझ्या आज्याची सावली पडली तरी ज्यांना विटाळ व्हायचा, त्यांच्या नातवंडांच्या कमरा आज माझ्या हाताखाली असतात. दुखत असतं तोवर जात आठवत नाही. बरं वाटलं की आडनाव विचारतात.

साडेचार वर्षं शिकलो. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही तेव्हा आईनं कानातलं गहाण ठेवलं. आणि नोकरी लागली १४ हजारांवर. आमचा सीनियर १० वर्षांपूर्वी ह्याच पगारावर लागला होता. तेव्हा त्याला दिवसाला १०-१२ पेशंट. मला २५. एकाला मशीन लावायचं, दुसऱ्याचा हात धरायचा, तिसऱ्याला लांबूनच 'चालू द्या' म्हणायचं. पैसे पेशंटचेही बुडतात. हॉस्पिटल एका वेळचे ६०० घेतं. करा हिशोब. माझा महिन्याचा पगार मी एका दिवसात वसूल करून देतो. बाकीचे दिवस कुणाच्या बापाचे?

बोललं की उत्तर तयार : 'परवडत नसेल तर सोड, बाहेर लाइन लागलीय.' ही लाइन लावली कुणी? खाजगी कॉलेजं काढून फिया उकळल्या. सरकारी दवाखान्यात पदं भरायची नाहीत, भरली तर करारावर. आणि खाजगी नोकरीत आरक्षण नाही. २०२१ साली केंद्रानं आमच्यासाठी कायदा केला. त्यात शिक्षण आहे, नोंदणी आहे, दर्जा आहे. किमान पगार नाही.

९ सप्टेंबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पत्र काढलं : फिजिओथेरपिस्टनी नावामागं 'डॉ.' लावू नये. आमचे लोक खवळले. दुसऱ्याच दिवशी पत्र मागं. म्हणजे खवळता येतं! मग १४ हजारांवर का नाही खवळलो?

कारण पांढरा कोट. तो अंगात घातला की स्वतःला कामगार म्हणायची लाज वाटते. ठेक्यावरची मावशी बेडपॅन उचलते, वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलतो. आपण त्यांना 'ते लोक' म्हणतो. मालकाला हेच पाहिजे. जात म्हणजे नुसती कामाची नाही, काम करणाऱ्या माणसांची वाटणी, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं. तीच वाटणी आपण वॉर्डात चालवतो. आणि संपाचा हक्क काढून घेणारं बिल आलं तेव्हा, ७ नोव्हेंबर १९३८ ला, हेच बॅरिस्टर बाबासाहेब गिरणी कामगारांबरोबर संपात उतरले. त्यांची पदवी आड आली नाही. आपली का येते?

'डॉ.' लावा, माझी ना नाही. पण आधी मावशीशेजारी बसा. नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी, पीएफ आणि दिवसाला किती पेशंट ह्याची हद्द, ह्या मागण्या एकाच कागदावर लिहा. पहिली सही मावशीची घ्या. दुसरी मी करतो.

जयभीम!