बॅटरी पंपाची की घराची?

(तृतीय वर्ष कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने बॅटरीवर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. विषय ऐकताच वर्गातल्या एका मित्राने विचारले, "अरे, तू शाखा बदललीस की काय?" शाखा बदललेली नाही. परंतु ज्या वस्तूने एका वाडीला भर अंधारात आपल्या माणसांशी बोलते ठेवले, तिच्याविषयी लिहिण्याचा हक्क केवळ विज्ञान शाखेला आहे असे मला वाटत नाही. शिवाय प्रश्न विजेचा जेवढा आहे, त्याहून अधिक मालकीचा आहे.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मी तेव्हा शाळेत होतो. नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. विजेचे खांब वाकले, तारा बागांत लोंबकळू लागल्या. आमच्या वाडीत वीज यायला महिना उलटला. पाचव्या-सहाव्या दिवसापासून टेकडीवर गेल्यास मोबाइलला थोडी रेंज मिळू लागली, पण तोवर सगळ्यांचे मोबाइल बंद पडले होते. दिवस करोनाचे. प्रत्येक घरातले कोणी ना कोणी मुंबईत अडकलेले. इकडची घरे उभी आहेत की नाहीत हे त्यांना कळेना आणि तिकडची माणसे बरी आहेत की नाहीत हे आम्हाला कळेना.

आमच्या घरी बागेच्या फवारणीसाठी घेतलेला, पाठीवर अडकवायचा बॅटरी पंप होता. शेजारच्या काकांनी आपल्या टेंपोतला मोबाइल चार्जर आणला, पंपाची बॅटरी बाहेर काढली, दोन वायरी जोडल्या आणि चार्जरवर छोटा हिरवा दिवा लागला. त्या दिव्याभोवती जमलेली माणसे मी विसरणार नाही. पलीकडच्या घरातल्या आजी मोबाइल पदरात गुंडाळून आल्या नि म्हणाल्या, "माझाही लाव रे बाबा, बाळ्याशी दोन शब्द बोलते." दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी मोटारसायकलवरून तालुक्याच्या गावी जाई आणि जिथे जनरेटर चालू असेल तिथून बॅटरी चार्ज करून आणी. दिवसाला आठ-नऊ मोबाइल आम्ही तिला लावत होतो.

वीज आली त्या आठवड्यात बाबांनी पंप पाठीवर घेतला. दहा मिनिटांत त्याने मान टाकली. रात्रभर चार्जिंगला लावूनही तोच प्रकार. बॅटरी कायमची गेली होती. बाबा रागावले नाहीत. "उपयोगी पडली ना? मग झालं," एवढेच म्हणाले. पण बाग झोपलेली असताना नव्या बॅटरीचा खर्च काय असतो, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. पुढे मला समजले, की ती वादळाने मेली नाही, वयाने मेली नाही. आमच्या अज्ञानाने मेली.

थोडे गणित करतो, वाचकांनी कंटाळू नये. अशा पंपात सामान्यतः १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी असते. १२ गुणिले ८ म्हणजे ९६ वॉट-तास. आजच्या साध्या मोबाइलच्या बॅटरीत १९ वॉट-तासांच्या आसपास वीज मावते. मग चार-पाच मोबाइल सहज भरतील असे कोणालाही वाटेल. परंतु शिशाची बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते. तिची निम्मी वीज वापरून ती पुन्हा भरावी, म्हणजे ती टिकते. १०.५ व्होल्टच्या खाली नेली आणि तशीच ठेवली, तर आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि ती वीज धरीनाशी होते. तेव्हा आपल्या हातात खरे ४८ वॉट-तास. तेवढ्यात दोन मोबाइल भरतात, किंवा १२ व्होल्टवर चालणारा ५ वॉटचा एलईडी दिवा सुमारे ९ तास जळतो. परीक्षेच्या दिवसांत एका विद्यार्थ्याची अख्खी रात्र त्यात निघते!

आमची चूक कुठे झाली? पंप चालत असताना बॅटरी उतरली की फवारा मंदावतो आणि माणूस आपोआप थांबतो. मोबाइलचा चार्जर मात्र मंदावत नाही. बॅटरी १२ व्होल्ट देवो की ९, तो आपले ५ व्होल्ट निमूटपणे काढून घेत राहतो. तक्रार न करणाऱ्यावर लोक किती भार टाकतात, ते घरोघरी दिसतेच. बॅटरीचेही तेच झाले.

हा प्रश्न फक्त शिशाच्या बॅटरीचा नाही. बिनवायरचे ड्रिल यंत्र १९६१ साली अमेरिकेत बाजारात आले आणि १९७१ साली 'अपोलो १५'चे अंतराळवीर बॅटरीवरचे ड्रिल घेऊन चंद्रावर उतरले. १९९१ पासून लिथियम-आयन बॅटऱ्या बाजारात आल्या आणि नंतर गवत कापायची, कुंपण छाटायची, फांद्या तोडायची यंत्रेही त्यांवर चालू लागली. अशा यंत्रांची १८ व्होल्टची बॅटरी म्हणजे प्रत्येकी ३.६ व्होल्टचे पाच सेल एकामागे एक जोडलेले. ती ५ अँपिअर-तासाची असेल तर ९० वॉट-तास, म्हणजे जवळजवळ आमच्या पंपाएवढीच वीज. वजन मात्र कितीतरी कमी. परदेशांत वीज गेली की लोक याच बॅटऱ्यांवर दिवे आणि मोबाइल चालवतात. काही कंपन्या त्यासाठी बॅटरीवर बसणारा छोटा जोड विकतात. परंतु पुष्कळ बॅटऱ्यांत वीज वेळीच तोडण्याची सोय बॅटरीत नसून यंत्रात असते. यंत्र बाजूला काढून भलताच जोड लावला की राखणदारही बाजूला जातो. आणि लिथियमच्या बॅटरीशी चुकीचा खेळ केला तर ती केवळ मरत नाही, पेटही घेते.

मुख्य अडचण तर पुढेच आहे. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसत नाही. आतले सेल बहुधा एकाच जातीचे. वेगळी असते ती बाहेरची खाच. वीज सगळीकडे सारखीच असताना खाच मात्र वेगळी, याचे कारण विज्ञानात सापडत नाही, व्यापारात सापडते. गिऱ्हाइकाने एकदा आपली बॅटरी घेतली की पुढची सगळी यंत्रे आपलीच घ्यावीत, हा त्यातला हेतू. हे बदलता येत नाही असेही नाही. २०१८ साली जर्मनीत मेटाबो कंपनीच्या पुढाकाराने काही उत्पादक एकच बॅटरी वापरण्यासाठी एकत्र आले. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना एकाच प्रकारचे चार्जिंगचे तोंड सक्तीचे झाले. मोबाइलला जे जमले ते पंपाला का जमू नये?

यावर उत्पादक म्हणतील, की आम्ही बॅटरी पंपासाठी दिली. कोणी तिला दिवे जोडले आणि घर पेटले तर जबाबदार कोण? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. लोक वायरी जोडणार, हे नक्की आहे. अंधारात बसलेल्या माणसाला पेटीवरची सूचना थांबवू शकत नाही. म्हणून फ्यूज असलेले आणि व्होल्टेज उतरताच आपोआप वीज तोडणारे बाहेरचे तोंड उत्पादकांनी स्वतःच द्यावे. काही पंपांबरोबर दिवा किंवा मोबाइल लावायची सोय येतेही. ती सर्वांत यावी आणि राखणदारासह यावी.

दुसरे कोणी म्हणतील, की पॉवर बँक स्वस्त मिळते, मग हा खटाटोप कशाला? ज्यांना ती घेणे परवडते त्यांनी अवश्य घ्यावी. पण पंपाची बॅटरी अगोदरच विकत घेतलेली आहे आणि वर्षातले कितीतरी महिने ती पडवीत पडून असते. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते आणि उतरलेल्या स्थितीत राहिली की मरते. अधूनमधून वापरून लगेच भरलेली बॅटरी कोपऱ्यात विसरलेल्या बॅटरीपेक्षा अधिक टिकते. म्हणजे घरासाठी तिचा जपून वापर केल्यास पंपाचेही भलेच होते.

एका गोष्टीची मात्र कळकळीने सूचना करतो. पंपाची बॅटरी विषाच्या टाकीखाली बसलेली असते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. पंप घरात, स्वयंपाकाजवळ, मुलांच्या अभ्यासाच्या जागी कधीही आणू नये. बॅटरी बाहेरच काढावी, ओल्या फडक्याने पुसावी, हात साबणाने धुवावेत आणि मगच तिला दिव्याजवळ न्यावे. आम्ही त्या दिवसांत यातले काहीही केले नव्हते.

२०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्याबरोबर शेतीची अवजारेही आहेत. त्याच वर्षीच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. म्हणजे बॅटरी मेल्यावर काय करायचे, याचा विचार झाला आहे. ती जिवंत असताना कोणाच्या हुकमतीत राहील, याचा विचार अजून व्हायचा आहे. माझे उत्तर सरळ आहे: जो पैसे मोजतो त्याच्या. बैल नांगराला जुंपला म्हणून तो नांगराचा होत नाही. गाडीला जुंपायची वेळ आली तर धनी नांगर बनवणाऱ्याची परवानगी मागायला जात नाही.

मात्र हक्काबरोबर बैल राखण्याचे ज्ञानही हवे. आपल्या महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी खेड्यांत होतात. रस्ते झाडणे, वृक्षारोपण हे चालू राहू द्या. त्याबरोबर एक मल्टिमीटर न्यावा, फ्यूज लावलेली वायर कशी करावी ते दाखवावे आणि १०.५ हा आकडा प्रत्येक पंपावर खडूने लिहून यावे. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी तासभर दिला तरी पुरे. समजावून सांगायचे काम आम्ही कला शाखेचे विद्यार्थी करू.

वादळे पुन्हा येणार आहेत. त्या वेळीही कोणी आजी मोबाइल पदरात घेऊन येईल. तिचा मोबाइल भरला जावा, आणि तिचे बोलणे झाल्यावर पंपही चालू राहावा, एवढीच माझी मागणी आहे.