घर तापते ते छतातून

उन्हाळा लागला की मध्यमवर्गीय घरांत पहिली चर्चा होते ती वातानुकूलन यंत्राची. किती टनांचे घ्यावे, किती ताऱ्यांचे घ्यावे, हप्ता किती बसेल! घर मुळात इतके तापते का, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. घर बांधताना तर नाहीच नाही.

नागपूरचे उदाहरण घ्या. मे महिन्याच्या अखेरीस तेथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. साहजिकच दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसे पडत नाही. आग बरसते ती छतावर, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. काँक्रिटचा स्लॅब दिवसभर उष्णता शोषतो व रात्री ती खोलीत ओततो. पश्चिमेचे ऊन तिरपे, म्हणून खिडकीवरचा सज्जा तेथे अपुरा पडतो. तेथे झाड किंवा उभी जाळी हवी, आणि तीही काचेच्या बाहेर. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर उष्णता घरात शिरलेली असते.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. मराठवाड्यातील माळवदाचे जाड मातीचे छत, वाड्याच्या रुंद भिंती आणि हवा खेळवणारा चौक हे या हवामानाला दिलेले उत्तरच होते. अर्थात, आज दोन गुंठ्यांत वाडा बांधू म्हणणे हे केवळ स्मरणरंजन ठरेल. तत्त्व घ्यावे, माती नव्हे. आपण मात्र थंड देशांत ऊन आत यावे म्हणून योजलेली काचेची भिंत येथे पश्चिमेला लावतो, आणि तिला आधुनिकता म्हणतो!

केंद्र सरकारने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. छतातून येणाऱ्या उष्णतेस तिने मर्यादा घातली : आतबाहेरच्या तापमानातील दर अंश फरकामागे चौरस मीटरला १.२ वॅट. नुसत्या स्लॅबमधून याच्या दुपटीहून अधिक उष्णता येते. परंतु ही संहिता ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती. निवृत्तीच्या पैशांतून दोन गुंठ्यांत बांधलेले घर तिच्या कक्षेत आलेच नाही. तेथे आग्रह मालकानेच धरावयास हवा. स्लॅबवर उष्णतारोधक थर व त्यावर पांढरे चायना मोझॅक, पश्चिमेस मध्ये पोकळी ठेवलेली दुहेरी भिंत, समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या, यांत अवघड काही नाही. पण दिवाणखान्याच्या सजावटीस हात सैल सोडणारे आपण ‘दिसत नाही’ म्हणून पहिली काट या थरावर मारतो.

छत पुढेही सुधारता येते, दिशा नाही. जिना, न्हाणीघर व कोठीची खोली पश्चिमेस टाकली की शयनगृहाला त्यांचा आडोसा मिळतो. वास्तुसल्लागाराने शयनगृह नैर्ऋत्येसच सांगितले असेल, तर त्या भिंतीला दुप्पट सावली द्यावी. हे सारे नकाशावर सही करण्यापूर्वी ठरवले, तर त्यातील खोल्यांच्या अदलाबदलीस एक रुपयाही जादा लागत नाही.