ऊर्जाबचतीची घरे नागरिकांना आतून पाहता यावीत, यासाठी निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे

विषय : वर्षातून दोन रविवार ‘घरभेट दिवस’ म्हणून ठरवण्याबाबत.

महोदय,

सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक सोय असलेल्या निवासी मिळकतींना आपली महापालिका मिळकतकरात ५ टक्के, तर एकाहून अधिक सोयी असल्यास १० टक्के सवलत देते. म्हणजे अशी घरे कुठे आहेत, हे करविभागाच्या दप्तरी आहेच. ती घरे आतून पाहिलेले नागरिक मात्र थोडे. पुणेकरांना सवय आहे ती बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटची. तिथे एसी चालू असतो आणि वीजबिल कुणी दाखवत नाही.

आमच्या सोसायटीच्या गच्चीचा अर्धा भाग पांढऱ्या चायना मोझॅकचा आहे, उरलेला जुन्या काळ्या वॉटरप्रूफिंगचा. मे महिन्याच्या दुपारी काळ्या भागावर अनवाणी दोन पावले टाकवत नाहीत. शेजारच्या इमारतीचे सेक्रेटरी एकदा चपला काढून दोन्हीकडे उभे राहिले. पुढच्याच सभेत त्यांनी गच्चीचा विषय घेतला. त्याआधी आम्ही त्यांना दोनदा माहितीपत्रके दिली होती, ती बहुधा रद्दीत गेली. सौर पॅनेल बघायला येणारेही अनुदानाबद्दल शेवटी विचारतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतात, हे त्यांनी वाचलेले असते. त्यांना हवे असते ते निराळेच: पॅनेल पुसतं कोण, माकडं नासधूस करतात का, जुलैत बिल किती आलं? ही उत्तरे तिथे राहणाऱ्याकडेच असतात.

ऑस्ट्रेलियात २००१ पासून ‘सस्टेनेबल हाउस डे’ला घरमालक आपली अशी घरे लोकांसाठी उघडतात. पुण्यात हे करायला नवी इमारत लागत नाही की मोठा निधी लागत नाही.

म्हणून आमची मागणी अशी की, सवलत घेणाऱ्या मिळकतदारांना करविभागाने पत्र पाठवून घर दाखवण्याची तयारी विचारावी. संमतीवाचून कुणाचाही पत्ता जाहीर करू नये. नोंदणी क्षेत्रीय कार्यालयात व्हावी, एका वेळी दहाच माणसे सोडावीत आणि गच्चीला पुरेसा कठडा असेल तरच तिथे नेण्याची परवानगी असावी. यजमानाने बारा महिन्यांची बिले मांडावीत आणि काय फसले, तेही सांगावे. विक्रेत्यांचे स्टॉल नकोत. यादी बंगल्यांनी भरू नये. वन-रूम-किचन, भाड्याची घरे, जुन्या सोसायट्या आणि जाड भिंतींचे, चौकाचे वाडेही तीत हवेत.

तारखेबाबत आमचा आग्रह आहे. ऊर्जा संवर्धन दिन १४ डिसेंबरला असतो, पण डिसेंबरात पुण्यातले कुठलेही घर गारच लागते. भेटीचा एक रविवार एप्रिलमधला हवा, दुपारी दोन ते पाच. दुसरा जुलैमधला, म्हणजे पन्हाळीतून टाकीत पडणारे पाणी चालू असताना दिसेल आणि पावसाळ्यातल्या सौरबिलाचा प्रश्नही तिथेच निकाली निघेल.

पहिल्या भेटीसाठी आमची गच्ची, टाकी आणि बिलांची फाइल उघडी ठेवण्यास आम्ही तयार आहोत. येत्या एप्रिलपूर्वी तारीख जाहीर करावी आणि त्याआधी चर्चेसाठी आम्हांस वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
सोसायटीचे रहिवासी
(सोबत : सह्यांची यादी, बारा महिन्यांच्या वीजबिलांच्या प्रती)