पत्त्याचा रकाना

आमच्या वस्तीतला एक हमाल महिनाभर मनोरुग्णालयात राहून घरी आला. बरा होऊन आला, पण आठवडाभर त्याच्याशी कोणी धड बोलेना. बाया पोरांना त्याच्या ओट्याकडे फिरकू देत नव्हत्या. मी ऑफिस सुटल्यावर त्याच्याजवळ बसू लागलो, तेव्हा कुठे तो बोलता झाला.

"भाऊ, गोळ्यांचं काही नाही. गोळीनं झोप तरी लागली. पण पहिल्याच दिवशी डोक्यावरनं मशीन फिरवली. आरसा नव्हता तिथं. हात फिरवला तेव्हा समजलं, आता आपण वेडे ठरलो."

अंगावरचे कपडे काढून घेतले आणि सगळ्यांसारखा सदरा-पायजमा दिला. दिवस सरता सरत नसे. वॉर्डातले एक मामा तेवढे त्याला नावाने हाक मारत. बाकीच्यांना तो 'ए' होता. त्या मामांची आठवण काढताना त्याचे डोळे भरून आले.

बंधू-भगिनींनो, 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याप्रमाणे रुग्णाचे सक्तीने मुंडण करता येत नाही. रुग्णालयाचा गणवेश घालण्याची बळजबरी करता येत नाही. साखळीने बांधायला आणि भूल न देता विजेचा शॉक द्यायला तर साफ बंदी आहे. रुग्णाला मोफत कायदेशीर मदत मिळते. हे आमच्या माणसाला कोणी सांगितलेच नव्हते. खरे तर मलाही नंतर वाचून कळले.

घरच्यांनी नाकारले, एवढ्याच कारणावरून कोणाला तिथे ठेवून घेता येत नाही, असेही हा कायदा म्हणतो. पण याच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा आहे. डॉक्टर म्हणतात, बरा आहे. भेटीच्या वारी तो सकाळपासून सदऱ्याची बटणे लावून जाळीपाशी बसतो. न्यायला कोणी येत नाही. रुग्णालयाने घरी पत्र टाकले, ते परत आले. दाखल करतानाच पत्ता खोटा दिलेला!

मी कारकून. रोज शेकडो फॉर्म हाताखालून जातात. पत्त्याचा रकाना चुकला तर अर्ज परत जातो, एवढेच मला ठाऊक होते. त्या रकान्यात मुद्दाम चुकीचे लिहून माणूस कायमचा टाकून देता येतो, हे मला माहीत नव्हते.

येत्या भेटीच्या वारी आमचा हमाल त्या म्हाताऱ्याला भेटायला निघाला आहे. बिस्किटांचे दोन पुडे घेऊन ठेवलेत. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.