भेंडवळ वाचणाऱ्याला मांडणशिल्प का कळू नये?

मांडणशिल्पाचा विषय निघाला की सुशिक्षित माणूस हमखास म्हणतो, ‘मुंबई-दिल्लीच्या गॅलरीत हे ठीक आहे हो, धामणगाव बढ्याच्या माणसाला त्यातलं काय कळणार?’ खोलीभर फायली, खुर्च्या, वायरी मांडायच्या आणि ही कंपन्यांच्या सत्तेवरची टीका आहे म्हणायचं, हे गावाला झेपणार नाही म्हणे. आक्षेपाचा सूर गावाच्या कळवळ्याचा आहे, पण तो गावालाच मठ्ठ ठरवतो.

धामणगाव बढे मोताळा तालुक्यात. याच बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय तृतीयेला संध्याकाळी तिथं शेतात घट मांडतात. अठरा धान्यांचं रिंगण, त्यात सरकी आणि अंबाडीसुद्धा. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याचा करवा, पापड, कुरडई, आणि राजाच्या नावाचा पानविडा. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कुठला दाणा सरकला, विडा जागचा हलला का, हे पाहून पीकपाणी आणि दिल्लीची गादी सांगतात. भाकितावर माझा काडीचा विश्वास नाही. पण ढेकूळ म्हणजे महिना आणि विडा म्हणजे राजा, असं वस्तूंमधून वाचायची सवय या जिल्ह्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्याला विड्यात सिंहासन दिसतं, त्याला बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात कंपनी दिसायला कुठली पदवी लागते?

दुसरा आक्षेप असा, की यानं होतं काय? १९७१ साली हान्स हाके या कलावंतानं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयासाठी एक काम केलं. शहरातल्या एका मालमत्तादाराच्या गोतावळ्याकडे असलेल्या १४२ इमारतींचे फोटो आणि प्रत्येकीखाली मालकी-व्यवहाराचा तपशील, तोही सरकारी दप्तरात कुणालाही पाहता येईल असा. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार भिंतीवर टांगावेत, तसला प्रकार. संचालकांनी प्रदर्शनच रद्द केलं आणि बाजू घेणाऱ्या एडवर्ड फ्राय या अभिरक्षकाला काढून टाकलं. ज्यानं काहीच होत नाही, त्याला इतकं कोण घाबरतं?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. ज्यांच्यावर टीका, त्यांच्याच पैशानं प्रदर्शन, आणि शेवटी काम त्यांच्याच दिवाणखान्यात. यातलं निम्मं मी मान्य करतो. चंद्रपूरच्या सास्ती या कोळसा खाणीच्या गावातून आलेले प्रभाकर पाचपुते यांचीही कामं गॅलऱ्यांतूनच फिरतात. पण खाणकामगारांची आणि उकरलेल्या जमिनीची चित्रं ते अनेकदा थेट भिंतीवर कोळशानं काढतात आणि प्रदर्शन संपलं की भिंत पुन्हा रंगवली जाते. ती भिंत कुठल्या संचालकाला घरी नेता येईल? पुरस्कर्ता बाटवतो म्हणून कलाच टाकून द्यायची, हे मला पटत नाही. तिची जागा बदलायला हवी.

कला हवीच, कारण ज्या सत्तेबद्दल बोलायचं, तिला आता तोंडच उरलेलं नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. सावकाराचं घर माहीत होतं, वही कुठल्या कोनाड्यात आहे तेही माहीत होतं. आज कापूस लावणाऱ्यानं काय जाळावं? बीटी बियाण्याचा कमाल भाव २०१६ पासून दिल्ली ठरवते. २००२ साली आलेल्या त्या बियाण्यातल्या जनुकाचं तंत्र मुळात अमेरिकी कंपनीचं. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीला ते वाण बळी पडताना पाहिलेला शेतकरी भांडायला गेला, तर कृषी सेवा केंद्रातला पोरगा बिल दाखवतो आणि ‘वरून आलंय’ म्हणतो. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावर गाडीतल्या कापसात मीटर खुपसतात. आठ टक्के ओलावा असेल तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, बाराच्या वर गेला तर गाडी परत. आकडा उमटला की ग्रेडरही खांदे उडवतो, कारण नकार त्याचा नसतो, यंत्राचा असतो. हुकूम देणारा कुणीच दिसत नाही, आणि नेमकं तेच भाषणात नीट सांगता येत नाही. वस्तू एकमेकींशेजारी ठेवल्या की दिसतं.

म्हणून हे काम धामणगाव बढ्याच्या आठवडी बाजारातच व्हावं. हंगामातली रिकामी पाकिटं, परत आलेल्या गाड्यांच्या नोंदी, पीकविम्याचे मोबाइलवर आलेले संदेश मोठ्या अक्षरांत, मध्ये चालू स्थितीतलं ओलाव्याचं मीटर. लोकांनी हाताळावं, आपल्या पोत्यातला कापूस आणून मोजावा, केंद्रावरच्या आकड्याशी ताडून पाहावा. प्रत्येक वस्तूखाली एकच ओळ असावी: हा नियम कुणी केला आणि तो बसतो कुठं. पुरस्कर्ता नको, वर्गणी काढावी. परवानगी ग्रामपंचायतीची लागेल. तीही संस्थाच आहे, तेव्हा तिच्या ठरावाची प्रत मांडणीत पहिली लावावी, आणि नाकारली तर नकाराची.