इंजिन कोणी घडवायचे?

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या आगगाडीचे वर्णन शाळेच्या पुस्तकापासून सरकारी स्मरणिकेपर्यंत सर्वत्र आढळते. डबे किती होते, पाहुणे किती होते, तोफा किती झाल्या, हे सारे त्यात असते. गाडी ओढणारे इंजिन कोठे घडले, त्याची किंमत कोणी मोजली आणि ते घडवण्याची विद्या कोणाकडे राहिली, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. ज्यांच्या भूमीवरून हा लोहमार्ग पुढे घाटाकडे गेला त्या शहापूर तालुक्यातील, आणि ज्यांना तो आजवर लाभला नाही त्या मुरबाड तालुक्यातील श्रमिकांना हे प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली आठ इंजिने इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात, न्यूटन-ली-विलोज येथील व्हल्कन फाउंड्री या कारखान्यात तयार झाली. चार्ल्स टेलर याने 1830 मध्ये हा कारखाना काढला. रॉबर्ट स्टीफन्सन काही काळ त्याचा भागीदार होता. कारखान्याच्या कारागिरांचे कौशल्य वादातीत होते. परंतु केवळ कौशल्यावर कारखाना चालत नाही. त्याला हमखास गिऱ्हाईक लागते. ते हिंदुस्थानने पुरवले. 1849 च्या करारान्वये रेल्वे कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी मिळाली होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीने भरायची, आणि त्या तिजोरीचा मोठा आधार होता शेतसारा. भांडवलाला जोखीम नाही, कारखानदाराला मंदीची चिंता नाही, आणि भार मात्र नांगर धरणाऱ्यावर, अशी ही व्यवस्था होती.

लोहमार्ग 1855 मध्ये वासिंदला, 1861 च्या प्रारंभी कसाऱ्याला आणि 1865 मध्ये थळघाट चढून इगतपुरीला पोहोचला. सदतीस फुटांना एक फूट अशा चढणीचा तो मार्ग बारीपहारीच्या घामाने तयार झाला. शहापूरने या मार्गाला जमीन दिली. पुढे 1892 मध्ये तानसा तलाव बांधून झाला आणि याच तालुक्याचे पाणी मुंबईला जाऊ लागले. मुरबाडचा माणूस कल्याण गाठण्यासाठी आजही रस्त्यावरच अवलंबून आहे. एका तालुक्याला इंजिनाचा धूर मिळाला, दुसऱ्याला तोही नाही. इंजिन घडवण्याची विद्या दोघांच्याही वाट्याला आली नाही.

कार्ल मार्क्सने 1853 मध्येच लिहिले होते की, लोखंड आणि कोळसा असलेल्या देशात रेल्वे आणल्यावर तेथे यंत्रनिर्मिती रोखून धरता येणार नाही. रेल्वे ही आधुनिक उद्योगांची अग्रदूत ठरेल. तर्क अचूक होता; परंतु साम्राज्यसत्तेने तो जवळजवळ शंभर वर्षे अडवून धरला. हिंदुस्थानी हातांना हे काम जमत नव्हते असे नाही. अजमेरच्या कारखान्यात 1895 मध्ये आणि जमालपूरच्या कारखान्यात 1899 मध्ये संपूर्ण इंजिने तयार झाली. तरीही स्वातंत्र्यापूर्वी ब्रिटनमधून बारा हजारांहून अधिक इंजिने आली, आणि येथे घडली ती सातशेच्या आसपास. परळच्या कारखान्यात मराठी कामगारांच्या पिढ्या परदेशी इंजिने उघडून, दुरुस्त करून पुन्हा धावती करीत राहिल्या. इंजिनाचा प्रत्येक खिळा ओळखणाऱ्या हातांना नवे इंजिन घडवण्याचे काम मात्र दिले गेले नाही.

पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनीचा दाखला याहून बोलका आहे. 1921 मध्ये सरकारने देशात तयार होणाऱ्या इंजिनांसाठी निविदा मागवण्याचे आश्वासन दिले आणि सिंगभूममध्ये हा कारखाना उभा राहिला. पुरेशा मागण्या आल्याच नाहीत. एकही इंजिन बाहेर न पडता तो सरकारच्या ताब्यात गेला, आणि 1945 मध्ये टाटांकडे आला. इकडे 1930 मध्ये कल्याण–इगतपुरी मार्गाचे विद्युतीकरण झाले. घाटात धावू लागलेल्या, कामगारांनी ‘खेकडा’ असे नाव ठेवलेल्या विजेच्या इंजिनांपैकी बहुतेक पुन्हा व्हल्कन फाउंड्रीतूनच आली होती. वाफ गेली, वीज आली. मक्ता तोच राहिला.

हे चक्र सार्वजनिक क्षेत्राने मोडले. 1950 मध्ये सुरू झालेल्या चित्तरंजनच्या कारखान्याने 1972 पर्यंत 2351 वाफेची इंजिने दिली. आरंभी ब्रिटिशांची तांत्रिक मदत घेतली, परंतु मागणी आपल्या रेल्वेची, मालकी जनतेची आणि शिकणारे हात आपले होते. परकीय ज्ञानाला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो निर्णय कोणाच्या हाती राहतो याचा. न्यूटनचा कामगारही आपला शत्रू नव्हता. ज्याच्या वस्तीलाही कारखान्याचेच नाव होते, त्यालाही मालकांच्या अदलाबदलीनंतर 2002 मध्ये कारखान्याला कुलूप लागलेले पाहावे लागले. भांडवलाला ना मायदेश असतो ना माया.

2015 मध्ये मधेपुऱ्याला विजेची 800 इंजिने फ्रेंच अल्स्टॉम कंपनीबरोबर, आणि मढौऱ्याला डिझेलची 1000 इंजिने अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकबरोबर घडवण्याचे करार झाले. कारखाने भारताच्या भूमीवर आहेत, कामगार भारतीय आहेत, हे खरे. परंतु हमखास मागणीची ती जुनी देणगी पुन्हा परकीय भांडवलाच्या पदरात पडली. त्यानंतर 2019 मध्ये रेल्वेचे स्वतःचे उत्पादन कारखाने महामंडळाच्या रूपात वेगळे काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा कामगार रस्त्यावर उतरले. त्यांचा लढा केवळ नोकरीचा नव्हता. पेनिन्सुलर कंपनीची गत आपल्या कारखान्यांची होऊ नये, यासाठीही तो होता.

मुरबाडला रेल्वे हवी, ही मागणी न्याय्य आहे आणि ती लढवलीच पाहिजे. परंतु कार्यकर्त्यांनी तेवढ्यावर थांबू नये. रूळ आल्याने गाव बाजाराशी जोडले जाते. विद्या आल्याने ते उत्पादनाशी जोडले जाते. शहापूर-मुरबाडच्या शेतकरी व आदिवासी घरांतील मुलामुलींना रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी, कायम नोकरी आणि यंत्रविद्येचे शिक्षण मिळाले पाहिजे. आणि सार्वजनिक पैशाने होणारी खरेदी प्रथम सार्वजनिक कारखान्यांकडे गेली पाहिजे. जमीन आमची, पाणी आमचे, घाम आमचा आणि इंजिन मात्र दुसऱ्याचे, हा 1853 चा हिशेब कायमचा चुकता करण्याची जबाबदारी संघटित श्रमिकांचीच आहे.